चित्रतुरग आणि निगेटिव्हवरची पेन्सिल : बदललेल्या प्रतिमेच्या नीतीविषयी

संगणकामुळे छायाचित्रावरचा विश्वास उडाला, असे विधान गेली तीन-चार दशके माध्यमविषयक लेखनात सातत्याने आढळते. त्याच्या पुष्ट्यर्थ दिली जाणारी उदाहरणेही आता ठरून गेली आहेत. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या अंकाच्या उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, ‘टाइम’ने जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसन याचा चेहरा काळवंडून छापला. या घटनांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. मात्र इतिहासाचा आरंभ त्यांच्यापासून केला, की संगणकापूर्वीचे छायाचित्र निरागस होते असा समज आपोआप गृहीत धरला जातो आणि नीतीचा प्रश्न उपकरणाचा प्रश्न होऊन बसतो. प्रस्तुत निबंधात हा इतिहास दुसऱ्या टोकाने, म्हणजे फेरफाराची कबुली देणाऱ्या खुणेच्या बाजूने, पाहण्याचा प्रयत्न केला आहे. मराठी शाळांतून अलंकार शिकवताना उत्प्रेक्षेची ओळख म्हणून ‘जणू, गमे, वाटे, भासे, की’ हे शब्द पाठ करून घेतले जातात. कवी मुखाला चंद्र म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही, कारण ‘जणू’ म्हणून त्याने आधीच सांगून ठेवलेले असते. छायाचित्रापाशी असा शब्द नाही. तो शब्द कोणी, कोठे आणि किती काळ पुरवला, आणि तो नाहीसा झाल्यावर त्याची किंमत कोणी मोजली, एवढाच येथील प्रश्न आहे.

हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचला नाही. तो भिलाईतल्या एका फोटो स्टुडिओतून आला. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत दुर्ग जिल्ह्यातील या माळावर देशाच्या सर्व भागांतून माणसे येऊन वसली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबे होती. आमचे त्यांपैकी एक. वडील कारखान्याच्या आरेखन विभागात होते. सेक्टरांच्या त्या वसाहतीत शेजारी तेलुगू, मल्याळी, बंगाली आणि पंजाबी होते, मुलांची भाषा हिंदी होती, आणि मराठीपण गणेशोत्सव, दिवाळी अंक व सोयरीक या तीन गोष्टींत टिकून होते. सोयरीक येथे महत्त्वाची. गावाकडे मुलगी आधी नातलगांच्या नजरेत असे, तिची माहिती तोंडोतोंडी जाई. भिलाईच्या मुलीची माहिती टपालाने जाई. पत्रिका, शिक्षणाचे दोन शब्द आणि एक छायाचित्र असा तो लिफाफा नागपूर, अमरावती, क्वचित पुण्याला रवाना होई. पाहण्याचा कार्यक्रम नंतर, रेल्वेचे तिकीट काढण्याजोगे त्या छायाचित्रात काही दिसले तरच. वसाहतीतल्या जीवनाने छायाचित्राला असे जाहिरातीचे काम दिले होते, आणि जाहिरात म्हटली की तिच्या मागून जे जे येते ते सारे त्याच्या मागून आले.

१९८४ च्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचे छायाचित्र काढले गेले. कृष्णधवल, कार्डाच्या आकाराचे. ते घरी आले तेव्हा तिच्या उजव्या गालावरचा तीळ त्यात नव्हता आणि तिची सावळी कांती दोन-तीन पायऱ्यांनी उजळली होती. आईला ते आवडले. वडिलांच्या लक्षात आले की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. नागपूरचे एक कुटुंब त्या छायाचित्रावर आले. मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली, पर्समधून छायाचित्र काढले, ताईकडे पाहिले, पुन्हा छायाचित्राकडे पाहिले आणि म्हणाल्या, “फोटोत वेगळी दिसते हो.” त्यानंतर त्यांचे पत्र आले नाही. वडील पुढे कित्येक दिवस ‘फसवणूक’ हा न उच्चारलेला शब्द मनावर घेऊन वावरत होते. ताईचा प्रश्न मात्र निराळा होता. “तीळ काढायला कोणी सांगितलं होतं?” असे तिने विचारले. कोणीच सांगितले नव्हते. स्टुडिओत ते आपोआप होत असे. दरातच धरलेले असे.

पुढे अभ्यासाच्या निमित्ताने त्या कारागिरीची माहिती मिळवली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, तिचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. निगेटिव्हवर काम करणारा कारागीर तिरप्या चौकटीत दुधी काच बसवून, खालून आरशाने उजेड घेऊन, अणकुचीदार पेन्सिलीने फिल्मच्या थरावर बारीक बारीक रेघा मारतो. निगेटिव्हवर जेथे शिसे चढते तेथून छपाईच्या वेळी प्रकाश कमी जातो आणि कागदावर तेवढा भाग उजळ उमटतो. तीळ निगेटिव्हमध्ये पारदर्शक ठिपका असतो. पेन्सिलीने तो भरला की नाहीसा होतो. डोळ्यांखालची छाया, गालफडाचा खळगा, सावळेपणा यांवर हाच उपाय चालतो. उलट, एखादा भाग गडद करावयाचा तर पात्याने थर खरवडावा लागतो. ते जोखमीचे काम, हात चुकला तर फिल्म गेली. सारांश, त्या उपकरणाचा कल मुळातच उजळण्याकडे होता. गोरेपणाचा हव्यास समाजात होता हे खरेच. पण पेन्सिलीच्या भौतिकीनेही त्याला साथ दिली होती. तंत्र तटस्थ असते असे म्हणणाऱ्यांनी या पेन्सिलीचा विचार करावा.

पेन्सिलीच्या आधी भाषेने काम केलेले असेच. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी वर्णाची जी चढती-उतरती मालिका मराठीने वधूसाठी तयार केली, तीत ‘निमगोरी’ हा शब्द विशेष अभ्यसनीय आहे. ‘सावळी’च्या जागी तो बसवला की वर्ण बदलत नाही, पण वर्णन गोरेपणाच्या पदरात जाऊन पडते. ही भाषेतील पेन्सिलच. याच भाषेत ‘सावळा’ हे विशेषण विठ्ठलाला आणि कृष्णाला लावताना संतांचा कंठ दाटून येतो. एकच शब्द भक्तीत परिपूर्णता दाखवतो आणि लिफाफ्यात उणेपणा. एकाच शब्दाची दोन व्यवहारांत एवढी विरुद्ध मूल्ये ठरावीत, याचे उत्तर शब्दार्थात सापडत नाही. ते व्यवहाराच्या करारात शोधावे लागते.

करार हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते आहे, आणि त्याचे सर्वांत काटेकोर विवेचन आपल्याच काव्यशास्त्रात आहे. नवव्या शतकातील काश्मिरी आचार्य श्रीशंकुक यांचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांचे मत अभिनवगुप्तांच्या ‘अभिनवभारती’त आणि पुढे मम्मटांच्या ‘काव्यप्रकाशा’त पूर्वपक्षरूपाने टिकले. मराठी वाचकाला त्याचा परिचय प्रामुख्याने ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’ (१९५८) या ग्रंथातून झाला. शंकुकांचा प्रश्न असा : रंगमंचावरील नटाला पाहून प्रेक्षकाला ‘हा राम’ अशी जी प्रतीती येते, ती कोणत्या जातीची? ती सम्यक् प्रतीती नव्हे, कारण हा राम नाही हे प्रेक्षक जाणतो. ती मिथ्या प्रतीती नव्हे, कारण मागाहून तिचा बाध होत नाही. नाटक संपल्यावर कोणी आपण फसलो असे म्हणत नाही. ती संशयप्रतीती नव्हे, आणि ‘हा रामासारखा आहे’ अशी सादृश्यप्रतीतीही नव्हे. भिंतीवर रंगवलेला घोडा पाहून आपण ‘घोडा’ म्हणतो, तशी ती या चारांहून वेगळी प्रतीती आहे. हाच चित्रतुरगन्याय.

भट्टतौत आणि अभिनवगुप्त यांनी शंकुकांचे रसविषयक अनुमान खोडून काढले आणि नंतरच्या परंपरेने त्यांनाच मान्यता दिली. रसाच्या प्रश्नावर ते योग्यही असेल. पण प्रतिमेच्या नीतीच्या प्रश्नावर शंकुकांना पुन्हा बोलते करावे असे मला वाटते, कारण त्यांनी प्रतिमेचा खरेखोटेपणा प्रतिमेत न शोधता पाहणाऱ्याच्या प्रतीतीत शोधला. रंगवलेला घोडा केव्हा खोटा ठरेल? तो घोडा म्हणून विकायला काढला तर. नागपूरहून आलेल्या त्या बाईंनी छायाचित्राकडे सम्यक् प्रतीतीने पाहिले होते, आणि पोह्यांच्या बशीपाशी तिचा बाध झाला. शंकुकांच्या परिभाषेत सांगायचे तर ती मिथ्या प्रतीती ठरली. हेच छायाचित्र घरच्या भिंतीवर लागले असते, तर कोणाचे काय बिघडले असते?

हा आक्षेप मानववंशशास्त्राच्या अंगानेही घेतला गेला आहे. ख्रिस्तोफर पिन्नी यांनी मध्यप्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास करून ‘कॅमेरा इंडिका’ (१९९७) लिहिले. भारतीय स्टुडिओतील छायाचित्र व्यक्तीचे ‘जसेच्या तसे’ रूप टिपण्यासाठी नसते. रंगवलेले पडदे, एकाच चौकटीत एकाच माणसाच्या दोन आकृती, हाताने भरलेले रंग यांतून व्यक्ती स्वतःची एक संभाव्य आवृत्ती घडवते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते मला बरेचसे मान्य आहे. आमच्याही वसाहतीत रंगवलेल्या ताजमहालासमोर उभी राहिलेली जोडपी होती आणि त्यांच्या आनंदात कोणतीही अनीती नव्हती. परंतु या प्रतिपादनात ग्राहक आणि चित्रविषय ही एकच व्यक्ती धरलेली आहे. सोयरिकीच्या छायाचित्रात पैसे देणारा एक, दिसणारी दुसरी आणि पाहणारा तिसरा असतो. ही तिघे वेगळी झाली, की स्वतःची आवृत्ती ‘घडवणे’ आणि कोणीतरी ती ‘घडवून देणे’ यांतला भेद लपून राहत नाही.

मराठी चित्रव्यवहारात चित्रतुरगाचा करार पाळला गेल्याचे उत्तम उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. फाळक्यांची ओळख चित्रपटकार म्हणून असली, तरी त्यांचा पिंड प्रतिमा बदलणाऱ्या कारागिराचा होता. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण, गोध्र्याला छायाचित्रण, लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्यासाठी शिळाछपाईचे काम, पुढे स्वतःचा ब्लॉक आणि रंगीत छपाईचा व्यवसाय, आणि मध्यंतरी ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने केलेले जादूचे प्रयोग : या सर्व उद्योगांत दिसणाऱ्या वस्तूवर हात चालवण्याचे कसब होते. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट घेऊन चित्रित केली. कालावधीशी केलेला तो उघड फेरफार होता, आणि त्यानेच डोळ्यांना कधी न दिसणारे एक सत्य दाखवले. फेरफार आणि असत्य यांचे समीकरण मांडणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरे व्हावे.

परंतु त्याहून बोलके उदाहरण ‘कालिया मर्दन’ (१९१९) या त्यांच्या चित्रपटाचे आहे. त्यात बाळकृष्णाचे काम फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केले. चित्रपट सुरू होताच कृष्ण दिसत नाही. प्रथम एक लहान मुलगी दिसते. ती साध्या रूपात प्रेक्षकांसमोर निरनिराळे भाव मुखावर दाखवते, आणि मग तिच्याच आकृतीवर कृष्णाचे रूप चढते. कथेच्या दृष्टीने या आरंभाची काही गरज नव्हती. जादूगार टोपी रिकामी असल्याचे आधी दाखवतो तसे हे आहे, असे म्हणता येईल. मला त्यात अधिक काही दिसते. चमत्काराची एवढी मोठी साधने हाती असलेला कलावंत आपल्या प्रेक्षकाला प्रथम सांगतो, की ही एक मुलगी आहे आणि आता तुम्ही तिच्यात कृष्ण पाहणार आहात. चित्रपटाच्या भाषेत ‘जणू’ कसा उच्चारावा याचे इतके स्वच्छ उत्तर त्यानंतर फार थोड्यांनी दिले. शिवाय त्या मुलीचे स्वतःचे रूप त्यात पुसले जात नाही. ते आधी येते.

फाळक्यांनंतर हा करार निदान मराठी नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर बराच काळ टिकला. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या गोव्यात जन्मलेल्या दोन चित्रकारांनी दिवाळी अंक, दिनदर्शिका आणि जाहिराती यांतून सुंदर स्त्रीची जी प्रतिमा रूढ केली, ती वास्तवापासून दूर होती यात शंका नाही. मुळगावकरांच्या फवाऱ्याच्या तंत्राने त्वचेवर आणलेली तुकतुकी कोणाही हाडामांसाच्या माणसाला लाभणारी नव्हे. त्या चित्रांतील स्त्रीप्रतिमेवर वाङ्मयीन आणि सामाजिक अंगांनी टीका करता येते. पण ती पाहून कोणी या बाईचा पत्ता विचारला नसता. ती ‘कोणी’ नव्हती. दंडीने अतिशयोक्तीला लोकसीमा ओलांडणारी उक्ती म्हटले आहे, आणि तिला काव्यात मानाचे स्थान दिले आहे. तशी ही चित्रे. त्याच दंडीने कांती या गुणाची चर्चा करताना मात्र लौकिक अर्थाचे उल्लंघन न करणे हा निकष सांगितला आणि ‘वार्ता’ हे त्याचे एक क्षेत्र म्हणून नोंदवले. येथे वार्ता म्हणजे वृत्तपत्रातील बातमी नव्हे, लौकिक संभाषण होय, हे खरे. तरीही, ज्या भाषिक व्यवहारात ऐकणारा शब्दावर विसंबून पुढचे पाऊल टाकतो तेथे अत्युक्ती शोभत नाही, हा विवेक त्यात स्पष्ट आहे.

मुखपृष्ठावर आणि जाहिरातीत चित्राच्या जागी छायाचित्र आले तेव्हा दंडीचे हे दोन प्रांत एकमेकांत मिसळले. कल्पित स्त्रीची तुकतुकी आता खऱ्या स्त्रीच्या गालावर चढली, आणि पाहणारा तिला वार्ता समजू लागला. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली. तिच्या जाहिरातीतील ओळीने मांडलेले, डावीकडून उजवीकडे उजळत जाणारे एकाच मुलीचे चेहरे आठवावेत. आमच्या निमगोरी-गव्हाळ मालिकेचे ते चित्ररूप होते, आणि आता तिला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असा कार्यकारणभाव चिकटला होता. त्या चेहऱ्यांवर ‘जणू’ कोठेही लिहिलेला नव्हता.

यावर नियमनाची जी पावले पडली त्यांचा इतिहास थोडक्यात असा. जाहिरात क्षेत्राने स्वतःहून स्थापन केलेली ‘ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिल ऑफ इंडिया’ ही संस्था १९८५ पासून मुंबईत काम करते. गोरेपणाच्या उत्पादनांसाठी तिने २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतील एक तरतूद साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावी अशी आहे : उत्पादन वापरण्यापूर्वीच्या स्थितीत मॉडेलच्या मुखावरील भाव दुःखी, खिन्न वा चिंताग्रस्त दाखवू नये. वर्णाच्या प्रश्नाला हात घालताना नियमन अखेर मुखजाभिनयाशी येऊन पोहोचले! भरतमुनींना यात काही नवल वाटले नसते. चेहऱ्याचा रंग कितीही बदलला तरी अर्थ भावातून निर्माण होतो, हे त्या अनामिक मसुदाकाराला नेमके कळले होते. २०२० मध्ये त्या क्रीमचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. ‘फेअर’ गेले आणि ‘ग्लो’ आले, यात ‘सावळी’च्या जागी ‘निमगोरी’ बसवण्यापलीकडे काय घडले, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवते.

युरोपात निराळा मार्ग निवडला गेला. व्यापारी छायाचित्रात मॉडेलचा बांधा संगणकावर बारीक वा जाड केला असेल तर तसे छापणे फ्रान्सने ऑक्टोबर २०१७ पासून बंधनकारक केले. नॉर्वेने जुलै २०२२ पासून शरीराचा आकार आणि त्वचा बदललेल्या जाहिरातींवर खूण सक्तीची केली. हा प्रतिमेला कायद्याने ‘जणू’ पुरवण्याचा प्रयत्न होय. भारतातही कृत्रिम रीतीने निर्माण केलेल्या मजकुराबाबत ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात अशी खूण चित्राच्या किमान दहा टक्के क्षेत्रफळावर असावी असे सुचवले होते. उत्प्रेक्षेचे वाचक पद क्षेत्रफळात मोजण्याची ही कल्पना आलंकारिकांना गमतीची वाटेल. पण थट्टा बाजूला ठेवली तर अडचण खरी आहे. अशी सूचना वाचूनही पाहणाऱ्याच्या मनातला स्वतःच्या रूपाविषयीचा असमाधानाचा भाव फारसा कमी होत नाही, असे मानसशास्त्रातील अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. याचे कारण काव्यशास्त्राला ठाऊक आहे. ‘जणू’ हा वाक्याचा घटक असतो, तो वाक्याबाहेरून चिकटवता येत नाही. फाळक्यांनी मुलगी चित्रपटातच दाखवली होती, तिकिटामागे छापली नव्हती.

वृत्तमाध्यमांतील फेरफाराविषयी येथे एवढेच नोंदवते, की भिलाईच्या मुलांना त्याचा सहवास अजाणताच घडला होता. ‘सोव्हिएत लँड’चे गुळगुळीत, रंगीत कागद आमच्या वह्या-पुस्तकांची कव्हरे होत. त्या देशात स्तालिनच्या काळात, मॉस्को–व्होल्गा कालव्याच्या काठी स्तालिनशेजारी चालणारा येझोव्ह पुढे त्याच छायाचित्रातून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी पाणी रंगवले गेले, हे कळायला आम्हांला प्रौढ व्हावे लागले. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराची हवाई पाहणी करणाऱ्या पंतप्रधानांचे छायाचित्र पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केले, तेव्हा विमानाच्या खिडकीतून दिसणारे दृश्य वेगळे बसवल्याचे वाचकांनी काही तासांत ओळखले. कार्यालयाने ते मागे घेतले आणि दोन चित्रे एकत्र केल्याबद्दल खेद व्यक्त केला. या दोन घटनांचे गांभीर्य अर्थातच सारखे नाही. एकीत माणूस पुसला गेला, दुसरीत देखावा सजवला गेला. परंतु दोन्हींत प्रतिमा वार्तेच्या प्रांतात उभी होती, आणि म्हणून दुसरीतही ‘सजावट’ हा बचाव चालला नाही.

आता यंत्राने घडवलेल्या चेहऱ्यांच्या आणि आवाजांच्या काळात हाच प्रश्न मराठी माणसाच्या अगदी परिचयाच्या चेहऱ्यावर येऊन ठेपला आहे. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका खेळाच्या ॲपची भलामण करीत असल्याची चित्रफीत पसरली. चेहरा त्यांचा, ओठांची हालचाल आणि आवाज बनावट. त्यांनी १५ जानेवारीला ती खोटी असल्याचे जाहीर केले. मुंबईत गुन्हा दाखल झाला. त्यांचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. शब्दाच्या जबाबदारीचा संस्कार असलेल्या घरातील माणसाच्या तोंडी त्याने न उच्चारलेला शब्द घातला जावा, हा योगायोग मला अस्वस्थ करतो. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचे नाव, प्रतिमा, आवाज यांच्यासह ‘झकास’ हा त्यांचा उद्गारही अनधिकृत वापरापासून संरक्षित केला; मराठी बोलीतील एक सार्वजनिक शब्द एका विशिष्ट उच्चारणशैलीपुरता खाजगी झाला. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले.

हे निर्णय स्वागतार्ह आहेत. तरीही त्यांच्या तर्काची दिशा पाहण्याजोगी आहे. ज्या प्रतिमेला बाजारात मूल्य आहे तिचे ते रक्षण करतात. हानी मोजली जाते ती मुख्यतः कीर्तीची आणि कमाईची. ज्या चेहऱ्याला बाजारात किंमत नाही, त्याला विचारल्याशिवाय कोणी त्याचा तीळ काढला तर त्या हानीला या परिभाषेत नीटसे नाव नाही. फसलेल्या पाहुण्यांसाठी ‘दिशाभूल’ हा शब्द आहे, नामवंतासाठी ‘व्यक्तित्वाधिकार’ आहे. ज्या मुलीला सुधारून पाठवले गेले आणि मग त्या सुधारणेशी तुलना करून नाकारले गेले, ती या दोन्ही शब्दांच्या मधल्या जागेत उभी आहे. आज ही जागा फार विस्तारली आहे. हातातल्या फोनचा कॅमेरा, न सांगता, त्वचा गुळगुळीत करूनच चित्र देतो. दरातच धरलेले असते. ताईचा प्रश्न आता रोज, कोणी विचारो वा न विचारो, लक्षावधी चेहऱ्यांच्या बाबतीत उभा राहतो.

जुन्या कारागिरीच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. तिने आपला पुरावा मागे ठेवला. छापील प्रतीवर काही दिसत नसले तरी निगेटिव्हवर हाताची खूण राहत असे. प्रत्येक चित्राबरोबर त्याच्या उत्पत्तीची आणि बदलांची नोंद जोडण्याच्या ज्या तांत्रिक योजना आज पुढे येत आहेत, त्या एका अर्थी हरवलेली निगेटिव्ह परत मिळवण्याची खटपट होय.

ताईच्या छायाचित्राची निगेटिव्ह वडिलांनी स्टुडिओतून मागून आणली होती. पुन्हा प्रती काढाव्या लागतील म्हणून. पुढे ताईचे लग्न ओळखीतल्या, तिला लहानपणापासून पाहिलेल्या घरी झाले आणि निगेटिव्हची गरज उरली नाही. ती पिवळ्या लिफाफ्यात तिच्याकडेच आहे. या लेखाची टिपणे काढताना मी ती मागितली. आम्ही दोघींनी ती खिडकीशी धरली. सरळ धरली तर काही कळत नाही. जरा तिरपी केली की गालावर, एकीला एक लागून, स्वल्पविरामासारख्या शेकडो बारीक रेघा चमकतात. तिळाच्या जागी त्या इतक्या दाट आहेत, की तेथेच काहीतरी होते हे परक्यालाही ओळखता यावे.